धुराधुरात फरक

भाचीच्या बाळाला बघायला सांगलीला गेले होते. सकाळची वेळ, न्हाणीघरात तेल, डाळीचं पीठ, कडकडीत पाणी असा सगळा सरंजाम आटोपलेला. मालिशवाल्या आजींनी बाळाला पंचात गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा ते रडून रडून लालबुंद झालं होतं. खोलीच्या कोपऱ्यात एका जुन्या घमेल्यात निखारे तयारच होते. त्यावर आजींनी ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणीची सालं टाकली, वर वेताची दुरडी पालथी घातली. दुरडीच्या फटींतून निळसर धूर वर यायला लागला तसं त्यांनी बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून त्यावरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. ओल्या जावळातून वाफ निघत होती. ओव्याचा तो तिखट, खमंग वास नाकात गेला आणि मला एकदम आईच्या माहेरची माजघराची खोली आठवली. बाळ चक्क गप्प झालं.

भाची दारातच उभी होती. “मावशी, तू तरी सांग ना यांना. डॉक्टरांनी धुरी नको म्हणून बजावलंय. धूर तो धूर, म्हणाले.” आजींनी मान वर न करताच उत्तर दिलं, “धुराधुरात फरक असतोय, ताई. पोरगं गप झालं ते दिसत न्हाई व्हय?” आणि मग दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या, कारण घरात सायन्सवाली मी. मी डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. महिन्याभराच्या बाळाची फुप्फुसं, दारंखिडक्या लावलेली खोली आणि निखारे, यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. घमेलं परसात गेलं. आजींनी दुरडी भिंतीवर आपटून झटकली, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेल्या. रागावल्या असाव्यात, पण दाखवलं नाही.

कौल देऊन झाल्यावर मात्र दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात राहिली. डॉक्टरांचा सल्ला बरोबर होता, पण त्यांचं वाक्य बरोबर नव्हतं. आजींचा हट्ट चुकीचा होता, पण त्यांच्या वाक्यात काहीतरी होतं, फक्त त्यांना वाटत होतं त्या अर्थाने नव्हे. परतीच्या एसटीत कराडच्या अलीकडे कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. खिडकीतून राखेच्या काळ्या चिंध्या आत येत होत्या, शेजारच्या बाई पदराने नाक दाबून बसल्या होत्या, आणि मी एका रिसेप्टरचा विचार करत होते.

तो रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू येऊन चिकटला की पेशीला खबर देणारं प्रथिन, सांगायच्या आधी बाबांच्या मलमाबद्दल सांगायला हवं. बाबांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिसचे चट्टे होते. हिवाळ्यात ते वाढायचे, त्यांच्यातून पांढरी खपली सुटायची, आणि मग कपाटातून ती तपकिरी बाटली निघायची. कोल टार, म्हणजे चक्क दगडी कोळशाचं डांबर. ते लावलं की खोलीभर नव्या रस्त्याचा वास सुटायचा. बनियनला, चादरीला तपकिरी डाग पडायचे, आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पुटपुटायची, “माणूस आहे की रोड रोलर!” पण चट्टे बसायचे. निदान काही महिने बसायचे. मी तेव्हा बारावीत होते आणि कर्करोग कशाने होतो याच्या यादीत पहिल्या ओळीला डांबर लिहून पाठ करत होते. एकाच घरात, एकाच संध्याकाळी, पुस्तकात डांबर विष होतं आणि बाबांच्या कोपरावर ते औषध होतं. याबद्दल कुणाला विचारावं असं मला तेव्हा सुचलं नाही. डॉक्टरांनी दिलंय म्हणजे बरोबर असणार, आणि पुस्तकात छापलंय म्हणजे तेही बरोबर असणार.

दोन्ही बरोबरच होतं. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. रसायनाने कर्करोग होतो याचा प्रयोगशाळेतला तो पहिला ठोस पुरावा. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९२५ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये विल्यम गोकरमन या त्वचारोगतज्ज्ञाने सोरायसिसच्या रुग्णांना तेच डांबर लावून वर अतिनील किरण द्यायची पद्धत बसवली. ती पुढे कित्येक दशकं जगभर चालली. ती का चालते, हे कुणालाच माहीत नव्हतं. लागू पडतं, एवढं पुरेसं होतं.

उत्तर उंदरांच्या यकृतातून आलं. १९७६ मध्ये अॅलन पोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदराच्या यकृतातल्या पेशींमध्ये एक प्रथिन आहे आणि डायऑक्सिन या जहाल विषारी रसायनाचा रेणू त्याला अगदी घट्ट चिकटतो. त्याच वर्षी १० जुलैला इटलीत मिलानच्या उत्तरेला सेवेसो गावाजवळच्या एका रासायनिक कारखान्यात रिअॅक्टर तापला, झडप उडाली आणि डायऑक्सिन असलेला ढग गावावर पसरला. कोंबड्या आणि ससे मेले. त्यानंतर मुलांच्या गालांवर विचित्र पुरळ उठलं, ज्याला क्लोरॅक्ने म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांनी हेच पुरळ २००४ मध्ये डायऑक्सिनचा विषप्रयोग झालेले युक्रेनचे नेते व्हिक्तोर युशचेन्को यांच्या चेहऱ्यावर टीव्हीवर पाहिलं आहे. चेहऱ्यावरचं ते पुरळ आणि यकृतातलं ते प्रथिन एकाच साखळीत बसतात. त्या प्रथिनाला आता अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर म्हणतात, थोडक्यात एएचआर.

आपल्याला रिसेप्टर म्हटलं की पेशीच्या भिंतीवर बसलेलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हा तसा नाही. हा पेशीच्या आत, पेशीद्रवात, दोन-तीन मदतनीस प्रथिनांच्या आधाराने स्वस्थ पडून असतो. याला शोधत येणारे रेणू बहुतेक चपटे, कडी कड्यांत अडकवलेले आणि चरबीत विरघळणारे असतात. त्यामुळे पेशीचं आवरण त्यांना अडवत नाही. त्यातला एखादा येऊन रिसेप्टरच्या खोबणीत बसला की मदतनीस बाजूला होतात, रिसेप्टर केंद्रकात शिरतो, तिथे आर्न्ट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवतो, आणि ही जोडी डीएनएच्या ठरावीक अक्षरांवर जाऊन बसते. मग काही जनुकं जागी होतात. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध सीवायपी-१-ए-१. त्यापासून बनणाऱ्या एन्झाइमचं काम काय, तर जो रेणू आला त्यालाच फोडून, पाण्यात विरघळेल असा करून बाहेर काढायचा. म्हणजे पाहुण्याने दारावरची बेल वाजवली की घरातून एक जण उठतो, पाहुण्याचं काय ते काम उरकतो आणि त्याला वाटेला लावतो, बेल थांबते. डायऑक्सिनचं वेगळं. त्याच्या कोपऱ्यांवर क्लोरिनचे अणू असे बसलेत की एन्झाइमला त्याला धरताच येत नाही. तो बेलवर बोट ठेवून उभा राहतो. माणसाच्या शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात.

इतक्या वर्षांची बेल.

हे नीट समजलं त्या दिवशी मला आजींचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. फरक आहेच. पण तो ओव्याचा धूर आणि प्लास्टिकचा धूर असा पवित्र-अपवित्राचा नाही. कुठलंही लाकूड, कोळसा, शेणी, तंबाखू अर्धवट जळली की बेंझोपायरीन हा कर्करोग घडवू शकणारा रेणू आणि त्याची भावंडं तयार होतातच. ओवा वर टाकल्याने निखारा सोवळ्यात जात नाही. फरक आहे तो आलेला रेणू किती प्रमाणात आला, कुठल्या वाटेने आला आणि किती वेळ राहिला याचा. आणि यातही सरळ हिशोब नाही. बेंझोपायरीन फोडताना हेच एन्झाइम त्याला अशा रूपाच्या दिशेने ढकलतं जे डीएनएला जाऊन चिकटतं, म्हणून पूर्वी सगळे या एन्झाइमलाच खलनायक समजत. मग २००४ मध्ये अमेरिकेत डॅनियल नेबर्ट यांच्या गटाने हे एन्झाइम मुळातच नसलेल्या उंदरांना तोंडावाटे बेंझोपायरीन दिलं. ते वाचतील असं वाटलं होतं. तेच आधी दगावले. ज्यांच्या आतड्यात एन्झाइम शाबूत होतं ते टिकले. मला हा प्रयोग फार आवडतो. असे प्रयोग पाठ्यपुस्तकाच्या समासात छापायला हवेत, निदान मुलं परीक्षेच्या उत्तरात बाण काढताना जरा थबकतील.

जाता जाता एक. सिगारेट सोडल्यावर काहींना झोप लागेनाशी होते, आणि ते त्याचा दोष मनाच्या तलफेला देतात. तलफ असतेच, पण आणखीही एक भानगड असते. तंबाखूच्या धुरामुळे याच रिसेप्टरमार्फत सीवायपी-१-ए-२ हे दुसरं एन्झाइम वाढलेलं असतं, आणि कॅफिन फोडण्याचं काम त्याचं. धूर थांबला की एन्झाइम खाली येतं, कॉफी तेवढीच राहते आणि रात्री अंगात घुटमळत बसते. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांना हे सांगितल्यावर त्यांनी कॉफी कमी केली की सिगारेट पुन्हा धरली, ते मी विचारलेलं नाही.

मला जास्त कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. डायऑक्सिन ही मुख्यतः कारखान्यांच्या आणि भट्ट्यांच्या युगाची देणगी. रिसेप्टर मात्र कोट्यवधी वर्षं जुना. फळमाशीत त्याचा पूर्वज-भाऊबंद आहे, त्याचं नाव स्पाइनलेस. तो बिघडला तर माशीच्या डोक्यावर मिशीच्या जागी पायासारखा अवयव उगवतो. सूत्रकृमीतही एक आहे. गंमत म्हणजे या दोघांचेही रिसेप्टर डायऑक्सिनला ओळखतच नाहीत. म्हणजे विष ओळखणं हे याचं मूळ कामच नसावं. १९९० च्या दशकात हा रिसेप्टर काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर त्यांचं यकृत लहान राहिलं, आणि गर्भात असताना यकृताला वळसा घालून जाणारी जी रक्तवाहिनी जन्मानंतर बंद व्हायला हवी, ती अनेकांत उघडीच राहिली. धुराचा, कारखान्याचा काही संबंध नसताना शरीराला याची गरज होती. विषामुळे सापडला म्हणून इतकी वर्षं त्याच्याकडे विषाची बेल म्हणूनच बघितलं गेलं, एवढंच.

२०१६ मध्ये एका गटाने असं मांडलं की निअँडरथल आणि आपण यांच्या या रिसेप्टरमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक आहे, आणि त्यामुळे आपला रिसेप्टर धुरातल्या काही घटकांना त्यांच्यापेक्षा कमी दाद देतो. विस्तवाभोवती, गुहेत, पिढ्यान् पिढ्या बसून आपण धुराला निर्ढावलो, अशी गोष्ट त्यातून तयार झाली. ती वर्तमानपत्रांना साहजिकच आवडली. दुसऱ्या काही संशोधकांना ती पटलेली नाही. मलाही ती जरा जास्तच गुळगुळीत वाटते. शिवाय निर्ढावलो म्हणजे काय? माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात आढ्याला काजळीची जळमटं लोंबायची. ती फुंकणीने चूल फुंकायची तेव्हा गालांच्या पिशव्या व्हायच्या, मग खोकल्याची उबळ यायची, मग पदराने डोळे पुसून पुन्हा फुंकणी. आम्हा नातवंडांना त्या चुलीवरच्या भाकरीचं केवढं कौतुक. आजही हुरड्याला गेलं की शेणीच्या धुरात भाजलेल्या कणसांचा वास अंगाला लागावा म्हणून आपण पैसे मोजतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांचे सहकारी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या आसपासची हवा मोजत होते, तेव्हा त्यांनी धुळीबरोबर बेंझोपायरीनही मोजलं होतं. स्वयंपाकघराची हवा मोजायची असते हे तोवर फारसं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आजीच्या फुप्फुसांना निअँडरथलांच्या तुलनेत मिळालेल्या सवलतीचा काही उपयोग झाल्याचं मला तरी दिसलं नाही. ती शेवटची चार वर्षं बसूनच झोपायची.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. दर वर्षी मुलांकडून इंडोल टेस्ट करून घेते. ट्रिप्टोन ब्रॉथच्या टेस्टट्यूबमध्ये बॅक्टेरिया सोडायचे, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांना ठेवायचे आणि सकाळी बाजूने काही थेंब कोव्हॅक्स रिएजंट सोडायचं. ब्रॉथ गढूळ पिवळट असतो. रिएजंटमधलं अल्कोहोल वर तरंगतं, आणि बघता बघता त्या वरच्या थरात चेरीसारखं लाल कडं उमटतं. वर्गात हमखास कुणीतरी “वॉव” म्हणतं. मग मी म्हणते, लिहा, इ. कोलाय, इंडोल पॉझिटिव्ह. इंडोल म्हणजे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा बॅक्टेरियाने पाडलेला तुकडा. त्याचा वास फार लबाड आहे. भरपूर असला तर शौचालयाचा, अगदी किंचित असला तर मोगऱ्याचा. मोगऱ्याच्या आणि जाईच्या फुलांच्या वासात इंडोल खरोखरच असतो. गजरा रात्री ताजा असताना हवाहवासा आणि सकाळी उशीखाली चुरगळलेला सापडला की नकोसा वाटतो, त्यामागे मला नेहमी हा इंडोल दिसतो. पण पाठ्यपुस्तकात इंडोल फक्त ओळख पटवायची खूण होती. बॅक्टेरिया तो बनवतो आणि आपण त्यावरून त्याचं नाव सांगतो. आपल्या पोटात हेच बॅक्टेरिया दिवसरात्र इंडोल सोडत असतात, तर आतड्याच्या पेशींना त्याचं काय वाटतं, हा प्रश्न प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नव्हता.

आतड्याच्या पेशी त्याची दखल घेतात, आणि घेतात ती याच रिसेप्टरमधून. ट्रिप्टोफॅन हे डाळीतून, दुधातून, अंड्यातून येणारं अमिनो आम्ल. त्याचे तुकडे कोण पाडतं यावर त्यातून काय निघणार हे ठरतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी पाडले तर फिक्झ नावाचा एक रेणू होतो, जो या रिसेप्टरला डायऑक्सिनच्या तोडीने धरतो आणि काही वेळात फोडलाही जातो. इटलीत पेरुजियाच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की उंदरांच्या पोटातले काही लॅक्टोबॅसिलस ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आल्डिहाइड बनवतात, तो रिसेप्टरला जागं करतो, त्यातून इंटरल्यूकिन-२२ नावाचा निरोप सुटतो आणि आतड्याचं अस्तर कॅन्डिडा बुरशीला दाद देत नाही. इथे वाचकाच्या मनात लगेच ताकाचा तांब्या आला असेल. माझ्याही आला होता. पण उंदराच्या पोटात राहायला आलेले लॅक्टोबॅसिलस आणि आपल्या विरजणातले एकाच कुळातले असले तरी एकच नव्हेत, तेव्हा ताक आवडतं म्हणून प्यावं, या संशोधनाच्या जोरावर नव्हे.

आणि कोबी. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली यांच्या पानांत ग्लुकोब्रासिसिन नावाचं द्रव्य असतं. विळीवर कोबी बारीक चिरताना जो थोडा तिखट, गंधकी वास येतो ना, ती त्या कुळाचीच सही. पेशी फाटल्या की आतलं एन्झाइम त्या द्रव्याला भेटतं आणि इंडोल कार्बिनॉल तयार होतं. ते जठरातल्या आम्लात पडलं की त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडून असा एक चपटा रेणू घडतो की तो थेट एएचआरच्या खोबणीत जाऊन बसतो. धुरातल्या रेणूंच्या जागी, डायऑक्सिनच्या जागी. २०११ मध्ये ब्रिजिटा स्टॉकिंगर आणि मार्क वेल्डहून यांच्या गटांनी उंदरांना या भाजीपाल्याचा अंशही नसलेलं शुद्ध, बनवलेलं खाद्य दिलं. काही आठवड्यांतच त्यांच्या आतड्याच्या अस्तरात पहारा देणाऱ्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी झपाट्याने कमी झाल्या. खाद्यात इंडोल कार्बिनॉल घातलं तर त्या टिकल्या. पुढे २०१७ मध्ये स्टॉकिंगर यांच्याच गटाने याची उलटी बाजू दाखवली. रेणू फोडणारं ते एन्झाइम उंदरांत सतत चालू ठेवलं, म्हणजे पाहुणा दारात पोचायच्या आतच परत पाठवला, तर आतडं जंतुसंसर्गापुढे कमजोर पडलं. बेल अखंड वाजली तर घात, आणि कधीच वाजली नाही तरी घात.

डब्यात कोबीची भाजी आहे म्हटल्यावर तोंड वाकडं करणाऱ्या माझ्या मुलाला मी हे सगळं एकदा ऐकवलं. तो म्हणाला, “आई, उंदरांना दे ना मग.”

भाचीच्या घरी मात्र कोबीला बंदीच होती. बाळंतिणीला कोबी-फ्लॉवर नको, वातूळ, बाळाचं पोट दुखेल. ताटात मेथी, शेपू, बाजरीची भाकरी, वर तूप, दुपारी अळिवाची खीर, डिंकाचा लाडू. मी त्या ताटाकडे बघून मनात हसले होते. परंपरेने धुराला आत घेतलं होतं आणि कोबीला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, आणि आधुनिक डॉक्टरांनी धूर बाहेर काढला होता पण कोबीबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या हसण्यात थोडी मस्ती होती हे खरं. कारण महिन्याभराच्या बाळाच्या दृष्टीने जे काही यायचं ते आईच्या दुधातून येणार, आणि त्यावरचा एक प्रयोग मला माहीत होता. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाचा, २०१६ चा. त्यांनी पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या गाभण उंदरिणींच्या पोटात इ. कोलायचा असा एक प्रकार सोडला जो तिथे टिकूच शकत नाही. पिल्लं जन्मायच्या आत ते बॅक्टेरिया नाहीसे झालेले. म्हणजे पिल्लांच्या अंगात एकही जंतू नाही. तरीही त्या पिल्लांच्या आतड्यात रोगप्रतिकारक पेशींची तयारी इतर निर्जंतुक पिल्लांपेक्षा जास्त निघाली. आईच्या पोटातल्या त्या चार दिवसांच्या पाहुण्यांनी सोडलेले रेणू आईच्या अँटिबॉडीजना धरून वारेतून आणि दुधातून पिल्लांपर्यंत गेले होते, आणि त्यांतले काही या रिसेप्टरला जागं करणारे होते.

त्याच दुधातून डायऑक्सिनही जातं. चरबीत विरघळणारं असल्यामुळे आईच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेलं थोडंथोडं दुधाबरोबर बाहेर पडतं; कुठल्या देशात डायऑक्सिन किती मुरलंय हे बघायला जागतिक आरोग्य संघटना आईच्या दुधाचेच नमुने तपासते, आणि तरीही दूध पाजा असंच सांगते. युरोपात कारखान्यांवर, भट्ट्यांवर कायद्याने लगाम बसल्यापासून दुधातलं हे प्रमाण उतरत गेलं. हे मी भाचीला सांगितलं नाही. ती आधीच रात्र रात्र जागून मोबाइलवर काहीबाही वाचत होती. मी तिला एवढंच म्हटलं की मेथी, शेपू खा, दोन महिन्यांनी कोबीही खा, बाळाला झेपतंय का बघ. आणि बाळाचं जावळ वाळवायला मऊ पंचा पुरतो. आजींचा मुद्दा उरतोच, की धुरीवर बाळ गप्प का झालं. ऊब. गार हवेत ओल्या अंगाला निखाऱ्याची ऊब मिळाल्यावर मीसुद्धा गप्प झाले असते.

या रिसेप्टरची आणखी एक गोष्ट मला सोडवत नाही. न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीत इलेक्ट्रिकचं सामान बनवणाऱ्या कारखान्यांनी साधारण तीस वर्षं पीसीबी ही रसायनं सोडली. ती डायऑक्सिनची चुलतभावंडं, त्यांतली काही याच रिसेप्टरला धरतात. टॉमकॉड नावाचा तळाशी राहणारा मासा मात्र त्या नदीत टिकून राहिला. २०११ मध्ये त्याचं कारण सापडलं. हडसनमधल्या जवळजवळ सगळ्या टॉमकॉडच्या रिसेप्टरच्या जनुकातून डीएनएची सहा अक्षरं गळालेली होती. त्यामुळे त्यांच्या रिसेप्टरला ही रसायनं नीट चिकटतच नव्हती. पन्नास-साठ वर्षांत नदीने बहिरे मासे निवडून घेतले होते. त्यांच्या अंगात पीसीबी ठासून भरलेलं, आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशाचा रिसेप्टर काही बहिरा झालेला नव्हता.

बाबांच्या त्या बाटलीचा उलगडा नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या गटाने २०१३ मध्ये केला. डांबर त्वचेच्या पेशींत हाच रिसेप्टर जागा करतं, आणि मग त्वचेचं फाटलेलं आवरण पुन्हा विणायला लागणारी प्रथिनं वाढतात. त्यांचा प्रयोग इसबाच्या त्वचेवर होता, पण सूत्र तेच. वास, डाग आणि कर्करोगाची धास्ती वजा करून हीच बेल वाजवणारा एक रेणूही आहे. तो सापडला मातीत, कीटक मारणाऱ्या एका सूक्ष्म कृमीच्या पोटात राहणाऱ्या बॅक्टेरियात. टॅपिनारॉफ त्याचं नाव. २०२२ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी त्याच्या क्रीमला परवानगी मिळाली. बाबा तोवर गेले होते. पांढरं क्रीम म्हणे, डाग पडत नाहीत. आईला आवडलं असतं.

दुसरीकडे कर्करोगावर काम करणारे लोक नेमकं उलटं औषध शोधतायत. मेंदूतल्या काही गाठी ट्रिप्टोफॅनपासून कायन्युरेनिन बनवतात, त्याने हाच रिसेप्टर चालू ठेवतात आणि त्या आडून रोगप्रतिकारक पेशींना गप्प बसवतात, असं जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं. तेव्हा तिथे रिसेप्टर बंद करणारी गोळी हवी, आणि तशा गोळ्यांच्या रुग्णांवर चाचण्या झाल्याही. उद्या एकाच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर हा रिसेप्टर चालू करायचं मलम आणि पाचव्यावर बंद करायची गोळी लिहून देतील, आणि खाली केमिस्टकडे दोन्ही शेजारशेजारच्या खणांत असतील.

या वर्षी मी हे सगळं इंडोल टेस्टच्या बॅचला सांगितलं. सिलॅबसमध्ये नाही, तरी सांगितलं. टेस्टट्यूबमधली लाल कडी समोर होती, वरच्या मजल्यावरच्या केमिस्ट्री लॅबमधून गॅसचा वास येत होता, मुलं जर्नल लिहायचं सोडून ऐकत होती, निदान पुढच्या दोन बाकांवरची. मागून एकाने हात वर केला. “मॅडम, म्हणजे इंडोल पॉझिटिव्ह आलं तर ते चांगलं की वाईट?”

“परीक्षेत का? परीक्षेत ते इ. कोलाय.”

“आणि पोटात?”

“पोटात किती आहे आणि कधीपासून आहे ते आधी सांग,” मी म्हटलं, आणि त्याने जर्नलमध्ये ‘रिझल्ट’च्या रकान्यात काय लिहिलं ते बघायला मागे गेले. रकाना कोरा होता. त्याच्या ट्यूबमध्ये कडं पिवळंच राहिलं होतं. त्याने बॅक्टेरिया सोडायलाच विसरून नुसता ब्रॉथ रात्रभर उबवला होता.